नुकतीच शुगर निघालीय? पहिले तीन महिने काय काय करायचं ते ओळीने

ज्यांच्या रिपोर्टमध्ये आत्ताच डायबिटीस निघालाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. टाइप टू वाल्यांसाठी, कारण मोठ्या वयात बहुतेकांना तोच असतो. मी ठाण्यात राहते, नोकरी ऐरोलीला, माझं निदान होऊन आता काही वर्षं झाली आणि तेव्हापासून सोसायटीत, ऑफिसात, नात्यात कोणाचा रिपोर्ट आला की मला फोन येतो, आणि प्रश्न जवळपास तेच असतात. बहुतेकजण पहिल्याच दिवशी सगळं एकदम बदलायला जातात, भात बंद, चहा बंद, फळं बंद, पहाटे उठून उपवन तलावाला चार राउंड, आणि मग पंधरा दिवसांत थकून सगळंच सोडून देतात. माझं सांगणं एवढंच आहे की तीन महिने घ्या, एकेक गोष्ट ओळीने करा, आणि कोण काय म्हणतं यापेक्षा तुमच्या साखर मोजायच्या मशीनवर काय आकडा येतो त्यावरून ठरवा.

पायरी १: रिपोर्ट नीट वाचा

उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, यातलं काही असेल तर डायबिटीस धरतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, डायबिटीसच्या आधीची पायरी. त्रास काहीच नाही आणि एकाच टेस्टमध्ये एकच आकडा जरासा वर आलाय, असं असेल तर डॉक्टर परत टेस्ट करून खात्री करतात, तेव्हा तुम्हीही तेवढं विचारा.

एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. ७ आलं तर सरासरी साखर साधारण १५४, ९ आलं तर २१२ च्या आसपास. काल लग्नात जिलबी खाल्ली म्हणून हा आकडा वाढत नाही, आणि आदल्या दिवशी उपास केला म्हणून उतरतही नाही. मात्र हिमोग्लोबिन कमी असेल, थॅलेसेमियाचा ट्रेट (आईवडिलांकडून आलेला रक्तातला दोष, ज्याचा एरवी त्रास होत नाही) असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवू शकतो, बायकांमध्ये तर हिमोग्लोबिन कमी असणं इतकं कॉमन आहे की सीबीसीचा, म्हणजे हिमोग्लोबिन वगैरे दाखवणाऱ्या साध्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत न्याच.

एक गोष्ट मात्र थांबण्यासारखी नाही. उलट्या होतायत, पोटात दुखतंय, श्वास जोरात चाललाय, गुंगी येतेय, किंवा थोड्याच दिवसांत वजन भराभर उतरलंय आणि सारखी तहान-लघवी चालूये, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच्या आज डॉक्टरकडे जा. वय कमी आणि अंगाने एकदम बारीक असाल तर टाइप वन किंवा त्याच्यासारखा हळू येणारा प्रकार तर नाही ना, हे सरळ विचारा, त्यासाठी वेगळ्या रक्ततपासण्या असतात आणि त्यात इन्सुलिन लवकर लागतं.

पायरी २: डोक्यात जे चाललंय त्याचं काय

हे मी मुद्दाम औषधांच्या आधी घेतलंय. पहिल्या आठवड्यात माणूस स्वतःला कोर्टात उभं करतो. मी एवढे वडापाव का खाल्ले, चालायला का गेले नाही, आईने सांगितलं होतं तरी ऐकलं नाही. आणि नातेवाईक त्यात भर घालतात, "अगं तुला कशी झाली, तू तर एवढी बारीक!"

बारीक माणसाला कशी होते याचं उत्तर आपल्या पुण्यातूनच आलेलं आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९ टक्क्यांच्या आसपास आणि याज्ञिकांची २१ च्या वर. आपण वरून बारीक दिसतो पण पोटाच्या आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, आणि याची सुरुवात आईच्या पोटात असल्यापासून होते असं त्यांचं काम सांगतं. घराण्यात असणं, झोप अपुरी असणं, बैठं काम, सगळं मिळून होतं. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत देशात डायबिटीस असलेले १० कोटींच्या वर आणि प्रीडायबिटीस वाले १३ कोटींच्या वर निघाले. एवढ्या सगळ्या माणसांनी काही चूक केली म्हणून त्यांना झाला असं नाहीये, तुम्हीही गुन्हा केलेला नाही.

कोणाला सांगायचं? घरात एकाला तरी पहिल्याच दिवशी सांगा, आणि ऑफिसात शेजारी बसणाऱ्या एकाला. बाकी जगाला सांगायची घाई नाही. लग्नाच्या वयाच्या मुलींना घरचे "कुठे बोलू नको" म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही, पण निदान त्या मुलीला गोळ्या लपवून घ्याव्या लागू नयेत एवढं तरी घरच्यांनी बघावं. आणि दोन-तीन आठवडे उलटले तरी रडू येतंय, झोप नाही, जेवायचीच भीती वाटतेय, तर हेही डॉक्टरांना सांगायचं, यावर मदत मिळते.

पायरी ३: एक डॉक्टर धरा

एक. तीन नाही. साधा एमडी मेडिसिन डॉक्टर, जो फोन उचलतो आणि घराजवळ आहे, तो पुरतो बहुतेकांना. आकडे हलेनात, किंवा किडनी-हृदयाची भानगड असेल, तर डायबिटीसवाले किंवा एंडोक्राइनचे, म्हणजे हॉर्मोनचे, स्पेशालिस्ट. खर्चाची अडचण असेल तर ठाणेकरांसाठी कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल आहे, महापालिकेची आरोग्य केंद्रं आहेत, नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं हॉस्पिटल आहे. ओपीडीत रांग असते, सकाळी लवकर जायचं आणि सगळे जुने कागद एका फाइलमध्ये घालून न्यायचे.

जाताना प्रश्न लिहून न्या, कारण आत गेल्यावर पाच मिनिटांत सगळं विसरायला होतं. माझं टार्गेट किती? (बहुतेकांसाठी एचबीएवनसी ७ च्या खाली, उपाशी ८० ते १३०, जेवणानंतर दोन तासांनी १८० च्या आत, पण वय आणि बाकीचे आजार बघून हे बदलतं.) ही गोळी साखर एकदम खाली आणू शकते का? एखादा डोस चुकला तर काय करायचं? उपास असेल तर?

पायरी ४: मशीन घ्या, आणि नीट वापरा

यावर मी जरा जास्त लिहिणारे कारण सगळं यावरच उभं आहे.

ग्लुकोमीटर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. घेताना मशीनच्या किमतीपेक्षा स्ट्रिपची किंमत बघा, मशीन एकदाच घ्यायचं असतं, स्ट्रिप कायम लागतात, आणि ती कंपनी तुमच्या नेहमीच्या केमिस्टकडे मिळते का तेही विचारा. टोचायच्या आधी हात साबणाने धुवून पुसा, आंबा किंवा संत्रं सोललेल्या बोटाने टेस्ट केली तर आकडा भलताच वर येतो आणि उगाच घाबरायला होतं. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. स्ट्रिपची डबी लगेच बंद करा, आपल्याकडे पावसाळ्यात हवेत एवढा दमटपणा असतो की उघडी राहिलेली स्ट्रिप खराब होते. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून बाटली बंद करा, कचरा उचलणाऱ्या ताईंच्या हाताला लागू नयेत. आणि आपली सुई दुसऱ्या कोणालाही नाही, नवऱ्याला सुद्धा नाही.

मशीन आणि लॅब यांच्यात फरक येणारच. चांगल्या मशीनलाही १५ टक्क्यांपर्यंत चुकायची मुभा असते, म्हणजे १८० दाखवलं तर खरं साधारण १५५ ते २०५ मधलं काहीही असू शकतं. म्हणून लागोपाठ तीनदा टोचून तीन आकड्यांवर डोकं खपवत बसू नका.

आता मुख्य. रोज सकाळी फक्त उपाशीपोटी बघून काही कळत नाही की नेमकं काय खाल्ल्याने वाढतंय. जोडीने बघा: जेवायच्या आधी एकदा, आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी एकदा. मधला फरक वहीत लिहा, शेजारी काय खाल्लं ते. फरक चाळीस-पन्नासच्या आत असेल तर ते जेवण तुम्हाला चालतंय असं धरा, सत्तर-ऐंशीने उडी मारली तर त्या ताटात काहीतरी बदलायला हवं. रोज करायची गरज नाही, स्ट्रिप स्वस्त नसतात, आठवड्यात दोन-तीन जेवणं पुरे. आज पोहे, परवा भाकरी-पिठलं, रविवारी मासे-भात. महिनाभरात तुमच्या घरच्या जेवणाचा नकाशा तुमच्याकडे तयार, आणि तो दुसऱ्या कोणाच्या डाएट चार्टपेक्षा तुमच्या जास्त कामाचा.

पायरी ५: ताट

भात बंद करू नका, कमी करा. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ-उसळ-अंडं-मासे-पनीर यातलं काही, आणि उरलेल्या पावात भात किंवा पोळी किंवा भाकरी. दोन्ही नाही, एक काहीतरी. आपला खरा घोटाळा इथेच आहे, आपल्या ताटात पोळी आणि भात आणि बटाट्याची भाजी असं एकावर एक चढतं आणि वरण मात्र पातळ. वरण घट्ट करा, उसळ वाढवा. आणि खायचा क्रम बदला, आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ, भात शेवटी. यात काही सोडावं लागत नाही आणि बऱ्याच जणांचा दोन तासांचा आकडा नुसत्या एवढ्याने खाली येतो.

नाश्ता सगळ्यात अवघड, कारण पोहे, उपमा, इडली सगळंच स्टार्च. पोह्यात मटार, शेंगदाणे, मोड आलेली मटकी भरपूर घाला आणि पोहे कमी, सोबत अंडं किंवा दही. मुगाचं धिरडं, थालीपीठ चांगलं पण छोटं. नाचणी, ज्वारी, बाजरी गव्हापेक्षा बरी पण म्हणून चार भाकऱ्या नाहीत, आणि नाचणीचं सत्त्व किंवा आंबील पातळ करून प्यायलं की साखर पटकन चढते, हे बऱ्याच घरांत माहीत नसतं आणि आजारी माणसाला कौतुकाने तेच दिलं जातं.

गूळ, मध, खडीसाखर, नारळाची साखर, सगळ्याने साखर वाढते. "गुळाचा चहा घेते मी" असं कोणी म्हणालं की मला काळजी वाटते कारण ते बिचारे मनापासून पथ्य करत असतात. शुगर फ्री बिस्किटात मैदा असतोच. फळाचा रस नको, फळ खा. हापूसच्या दिवसांत वाटीभर आमरस आणि वर पोळ्या यापेक्षा चार फोडी जेवणात, आणि त्या दिवशी पोळी कमी, आणि दोन तासांनी बघा. काहींना चालतं काहींना नाही.

उपास. साबुदाणा म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, त्यात बटाटा घातला की विचारायलाच नको, भगरीचंही फार वेगळं नाही. आषाढी किंवा नवरात्र करायचंच असेल तर दही, ताक, शेंगदाणे, काकडी, थोडा राजगिरा असं बघा. आणि साखर एकदम खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरना विचारल्याशिवाय उपास नाही, हेच दिवसातून दोनदाच जेवायच्या पद्धतीलाही लागू.

कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पावडर घेणारे घेऊ देत, पण त्याच्या भरवशावर गोळी बंद करायची नाही. लेबल नसलेली, कोणाच्या तरी ओळखीतून येणारी पावडर तर अजिबात नको, अशा पावडरींमध्ये इंग्रजी औषधांची भेसळ सापडलेली आहे.

पायरी ६: चालणं

आठवड्याला १५० मिनिटं सांगतात, पण सुरुवातीला तो आकडा सोडा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. बस. रात्रीच्या जेवणानंतर ठाण्यात तलावपाळीला एक फेरी, पाचपाखाडीत असाल तर कचराळी तलाव, वाशीत सागर विहार, खारघरला सेंट्रल पार्क, आणि काहीच जवळ नसेल तर सोसायटीचं पार्किंग. पावसात तेच करायचं, पार्किंग नाहीतर जिना. ट्रान्स-हार्बरच्या (ठाणे-नवी मुंबई) लोकलने जाणाऱ्यांनी एस्कलेटर सोडून जिना धरावा. महिनाभराने यात आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम घाला, खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला धरून पुशअप, कारण साखर खर्च होते ती मुख्यतः स्नायूंत, आणि आपल्याकडे नेमके तेच कमी असतात. डोळ्यांची तपासणी झाली नसेल तर जड वजनं मात्र आत्ताच उचलू नका.

पायरी ७: गोळ्या

गोळी चालू झाली म्हणजे आपण हरलो असं वाटून घेऊ नका. मेटफॉर्मिन ही शुगरची जुनी गोळी, १९५७ पासून माणसांत वापरतायत. सुरुवातीला पोट बिघडतं, मळमळतं, म्हणून जेवणासोबत घ्या आणि त्रास होत असेल तर हळू सुटणारी गोळी मागा, परस्पर बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतली तर बी१२ कमी होऊ शकतं, शाकाहारी लोकांचं आधीच कमी असतं, तेव्हा वर्षातून एकदा तपासा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, डोकं हलकं होणं. लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत बघा, अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच, आणि सावरलं की काहीतरी खा. चॉकलेट किंवा बिस्कीट नको, त्यातल्या तुपा-तेलामुळे साखर उशिरा चढते. लोकलने जाणाऱ्यांनी ग्लुकोजची पुडी खिशात ठेवा, रॅकवरच्या बॅगेत नाही, संध्याकाळच्या गर्दीत बॅगेपर्यंत हात पोचत नाही.

ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, हृदय-किडनीला चांगल्या, पण लघवीच्या जागी खाज किंवा इन्फेक्शन होऊ शकतं, बायका लाजून सांगत नाहीत, सांगा. उलट्या-जुलाब चालू झाले तर डॉक्टरला विचारून त्या दिवसांपुरती ती थांबवतात. खर्चाचं म्हणाल तर सिटाग्लिप्टिन या दुसऱ्या गटातल्या गोळीचं पेटंट २०२२ मध्ये संपलं आणि ग्लिफ्लोझिन गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये, त्यामुळे दोन्ही बऱ्याच स्वस्त झाल्यात. जुनं महाग प्रिस्क्रिप्शन चालू असेल तर स्वस्त ब्रँड विचारा, जनऔषधी केंद्रात बघा.

"रिव्हर्सल"च्या जाहिराती सगळीकडे आहेत. त्यामागे खरं एवढं: ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या चाचणीत, २०१७ चा निकाल, डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन बरंच उतरवलेल्या गटातले ४६ टक्के लोक वर्षभराने गोळ्यांशिवाय डायबिटीसच्या रेषेखाली होते, दोन वर्षांनी ३६ टक्के. ते सगळे निदानाला सहा वर्षं व्हायच्या आतले आणि इन्सुलिन न घेणारे होते. म्हणजे आशा खरी आहे, आणि लवकर केलं तर जास्त. पण आधी पैसे भरा, गॅरंटी देतो, गोळ्या आजच बंद करा म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

पायरी ८: डोळे, किडनी, पाय

टाइप टू बऱ्याचदा वर्षानुवर्षं गुपचूप असतो, म्हणून हे आत्ताच, "पुढच्या वर्षी बघू" नाही. डोळ्यांत थेंब घालून पडद्याची तपासणी (त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, कोणाला तरी सोबत न्या), किडनीसाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन, लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), बीपी. साखर खाली येताना काही आठवडे नजर धूसर होते, लगेच नवीन चष्मा करू नका, आकडे स्थिर झाल्यावर करा नाहीतर पैसे वाया. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासा, डायबिटीसमध्ये टीबीचा धोका दोन-तीन पट असतो.

पायांचं पावसाळ्यात विशेष. साचलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं तर घरी आल्याबरोबर पाय साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, आरशात तळवे बघा. छोटी जखम असली तर त्या पाण्यात उतरूच नका, लेप्टोची, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती असते. देवळात दुपारच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी फिरताना पायाला चटका जाणवतोय का याकडे लक्ष ठेवा, जाणवत नसेल तर तेच डॉक्टरला सांगायचं. पायाचं कुरूप घरी ब्लेडने कापायचं नाही.

पायरी ९: तीन महिने झाल्यावर

एचबीएवनसी परत, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि वही घेऊन डॉक्टरकडे. आकडा नऊवरून आठवर आला तरी चांगलंच चाललंय. हललाच नसेल तर गोळी बदलेल किंवा वाढेल, त्यात वाईट वाटायचं काही नाही.

मेडिक्लेम आधीपासून असेल तर तो वेळेवर रिन्यू करत राहा, खंड पडू देऊ नका. नवीन घेणार असाल तर डायबिटीस लिहूनच घ्या, लपवलं तर क्लेम अडकतो. २०२४ च्या नियमांनंतर जुन्या आजारासाठी थांबायचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं केलाय, आधी चार होता, तेव्हा जेवढं लवकर घ्याल तेवढं बरं.

आणि तुमचे सख्खे भाऊ-बहीण, तिशीच्या पुढचे, त्यांना फोन करून उपाशीपोटीची टेस्ट करायला सांगा, सरकारी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्यांची तपासणी फुकट होते. गरोदरपणात शुगर निघाली होती अशी बहीण किंवा वहिनी असेल तर तिला आधी.